मोल्सवर्थ मूळचे कुठले? एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग काढण्याची रीत

मराठीत मोल्सवर्थ हा माणूस उरलेलाच नाही, त्याचा कोश झालाय. "मोल्सवर्थ काय म्हणतो?" असं आम्ही भाषांतरवाले दिवसातून दहा वेळा एकमेकांना विचारतो, आणि हा गृहस्थ एकोणिसाव्या शतकातच वारला हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ आणि शास्त्रीमंडळी हाताशी घेऊन त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. आज आपण संगणकावर बघतो ती ही दुसरी.

मागच्या वर्षी माझ्या भाच्याने मला पेचात टाकलं. म्हणाला, "मावशी, मोल म्हणजे किंमत आणि वर्थ म्हणजेही किंमत. हे खरं आडनाव आहे की कोणी गंमत म्हणून घेतलेलं?" मी हसले खरी, पण उत्तर काही देता आलं नाही. मग दोघं मिळून शोधायला बसलो. त्यातून जी रीत हाताला लागली ती इथे मांडते आहे. उदाहरण मोल्सवर्थचं घेतलंय, पण चर्चच्या आवारातल्या थडग्यावरचं, जुन्या पुलाच्या पाटीवरचं किंवा तुमच्या सुनेच्या माहेरचं कुठलंही इंग्रजी आडनाव याच वाटेने शोधता येईल. नाव जितकं विरळ, तितकं काम सोपं. स्मिथच्या मागे लागू नका, जन्म जाईल.

पहिली पायरी: अर्थ लावू नका, जुनं रूप बघा

भाच्याची चूक सगळेच करतात. इंग्रजांनाही 'मोल' म्हटलं की जमीन उकरणारा तो मखमली प्राणी आठवतो. आजच्या शब्दांत फोड केली की नाव हमखास चकवतं. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच, की या नावाचं गाव आहे का, आणि असलं तर त्याचं सगळ्यात जुनं लेखन काय.

इंग्रजी आडनावांच्या ढोबळ चार जाती. गावावरून किंवा जागेवरून पडलेली, धंद्यावरून पडलेली (स्मिथ, टेलर), बापाच्या नावावरून पडलेली (जॉन्सन, विल्सन) आणि टोपणनावं (ब्राऊन, फॉक्स). मोल्सवर्थ पहिल्या जातीतलं. केंब्रिजशरच्या पश्चिम टोकाला, हंटिंग्डनच्या वायव्येला सोळा-सतरा किलोमीटरवर या नावाचं छोटं गाव आहे. विल्यम राजाने १०८६ साली देशभरची जमीन मोजून जो डूम्सडे ग्रंथ करवला, त्यात हे गाव 'मोलेसवर्द' अशा रूपात सापडतं. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपल्या वाड्यासारखी. किमतीच्या 'वर्थ'शी तिचा संबंध नाही. पुढचा भाग 'मूल' हे माणसाचं नाव. म्हणजे मूल नावाच्या कोणाचा तरी वाडा. हा मूल म्हणजे आपलं लेकरू नव्हे. त्या नावामागे खेचर, मिश्र जन्माचा असा अर्थ सांगतात. त्या काळी हे नाव चालत असे. वेसेक्सच्या राजाचा एक भाऊ मूल नावाचा होता, त्याला ६८७ साली केंटमध्ये जाळून मारलं. अर्थात त्याचा या वाड्याशी काही संबंध जोडू नका. आडनावांच्या नादात माणूस फार लवकर राजघराण्यात जाऊन बसतो!

अर्थासाठी भरवशाचा आधार एकच घ्यायचा तर ऑक्सफर्डने २०१६ साली चार खंडांत काढलेला ब्रिटन-आयर्लंडच्या कुलनामांचा कोश घ्या. ४५ हजारांहून अधिक आडनावं त्यात आहेत, आणि प्रत्येकाखाली जुन्या नोंदी वर्षासकट दिल्या आहेत. मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून तो संगणकावर वाचता येतो. घराण्याचं बोधचिन्ह मगवर छापून विकणाऱ्या दुकानांतली माहिती मात्र वाचूच नका. बोधचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला मिळत नाही.

दुसरी पायरी: नाव लागतं ते गाव सोडल्यावर

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गावात राहणाऱ्याला गावकरी गावाच्या नावाने ओळखत नाहीत, तिथे सगळेच तिथले. सातारकर हा पुण्यात सातारकर होतो. इंग्लंडातही अगदी तसंच झालं. मोल्सवर्थ गावातल्या जॉनला गावात 'मोल्सवर्थचा जॉन' म्हणण्याचं कारण नव्हतं. तो दहा-वीस मैलांवर जाऊन राहिला की हे नाव त्याला चिकटे.

म्हणून नकाशावर गावाचा ठिपका शोधून तिथेच ठाण मांडणं ही दुसरी मोठी चूक. गावाभोवती तीस-चाळीस किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि लगतचे सगळे जिल्हे घ्या. मोल्सवर्थ गाव आज केंब्रिजशरमध्ये असलं तरी मूळचं जुन्या हंटिंग्डनशर जिल्ह्यातलं, आणि तेही नॉर्थॅम्प्टनशरच्या शिवेला लागून. उमराव घराण्यांच्या जुन्या ग्रंथांत हे कुळ सर वॉल्टर द मोल्सवर्थ याच्यापासून सुरू करतात, आणि तो एडवर्ड पहिल्याच्या काळातला बेडफर्डशर-बकिंगहॅमशरचा शेरीफ, म्हणजे राजाचा जिल्ह्यातला अधिकारी, म्हणून दाखवलेला असतो. म्हणजे नाव हंटिंग्डनशरचं आणि माणूस शेजारच्या जिल्ह्यांत. नावातला 'द' म्हणजे 'चा', 'इथला'. पुढे हा 'द' गळला आणि नाव पिढीजात झालं.

पिढीजात कधी झालं, हाही प्रश्न महत्त्वाचा. १०६६ला इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन सरदारांनी ही चाल आणली, साध्या लोकांत ती तेराव्या-चौदाव्या शतकात रुजली, उत्तरेकडे आणखी उशिरा. त्यामुळे १२५०चा एखादा 'द मोल्सवर्थ' दिसला तर त्याच्या मुलाचंही तेच आडनाव असेल असं धरून चालू नका.

या काळासाठी तीन प्रकारचे कागद कामाचे. १२७९-८०च्या जमीनपाहणीचे रोल, आणि आपलं नशीब असं की ज्या थोड्या जिल्ह्यांचे ते चांगले टिकलेत त्यांत हंटिंग्डनशर आहे. त्यानंतर १२९० ते १३३२ दरम्यानच्या करांच्या याद्या. आणि १३७७, १३७९, १३८१चा डोईपट्टी कर. १३७७ साली चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून चार पेन्स घेतले. १३८१ला तो बारा पेन्स झाला तेव्हा लोकांनी घरातली माणसं लपवली आणि शेवटी बंड केलं. म्हणून १३८१च्या यादीत नाव नाही, याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. यातल्या बऱ्याच याद्या छापील स्वरूपात निघाल्या आहेत, त्यांच्या मागच्या सूचीत आडनाव शोधायला फार तर दहा मिनिटं लागतात.

तिसरी पायरी: नावाची सगळी रूपं गोळा करा

मराठीतच बघा. मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोलेसवर्थ. एका माणसाचं नाव आपण तीन तऱ्हांनी लिहितो, आणि कोशाच्या मुखपृष्ठावर ते छापलेलं असूनही. मग सोळाव्या शतकातल्या पाद्र्याने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं तर त्याला काय बोलणार? उच्चारात मधला 'ए' नाहीच, म्हणून जुन्या कागदांत 'मोल्सवर्थ', 'मोलस्वर्थ', 'मौल्सवर्थ', 'मुलसवर्थ' अशी ध्वनीवर बेतलेली सगळी स्पेलिंगं गृहीत धरायची. मार्था मौल्सवर्थ या विधवेने १६३२ साली स्वतःच्या आयुष्यावर एक कविता लिहिली, वयाच्या दर वर्षाला एक अशी पंचावन्न द्विपदं. तिचं नाव या 'ओ-यू' स्पेलिंगने प्रसिद्ध आहे. 'ओ-एल-ई' एवढंच शोधलंत तर ही बाई कधीच सापडणार नाही. शिवाय हे तिचं माहेरचं आडनाव नव्हे, तिसऱ्या नवऱ्याचं. ते पुढे येईलच.

शोधताना बदलत्या अक्षरांच्या जागी फुली (*) टाका. बहुतेक वंशावळीच्या संकेतस्थळांवर ती चालते. इंग्रजी एम, फुली, एल, फुली, एस-डब्ल्यू, फुली, आर-टी-एच. या एका ओळीत बरीचशी रूपं अडकतात.

आता एक खास भानगड. जुन्या इंग्रजी छपाईत आणि हस्ताक्षरात शब्दाच्या मध्ये येणारा 'एस' लांब असे, हुबेहूब 'एफ'सारखा. मधली आडवी रेघ तेवढी अर्धी किंवा नाहीच. अठराव्या शतकातली वर्तमानपत्रं संगणकाने वाचली तेव्हा त्याला हा फरक कळला नाही. परिणामी तिथे आपले लोक 'मोलेफवर्थ' होऊन बसलेत. मी तीन संध्याकाळी एका वर्तमानपत्र-संग्रहात डोकं आपटलं, हाती काही नाही. भाच्याने 'एस' काढून 'एफ' टाकला आणि पडदा भरून गेला. १८०० सालाच्या आधीचं छापील काही शोधत असाल तर ही एक युक्ती सगळ्यांच्या वरची.

उलटा त्रासही आहे. यंत्र कधी शब्द तोडतं आणि 'मोल्स' वेगळं, 'वर्थ' वेगळं होतं. शिवाय साधा शोध घेतलात तर अर्धे निकाल लष्करी विमानतळाचे येतात. दुसऱ्या महायुद्धात मोल्सवर्थला अमेरिकन बाँबफेकी विमानांचा तळ होता, आणि १९८०च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणण्यावरून मोठं आंदोलन झालं. शोधात 'विमानतळ', 'क्षेपणास्त्र' हे शब्द वजा करा.

आणि एक सावधगिरी. चेशर जिल्ह्यात, चेस्टरच्या ईशान्येला, 'मोल्ड्सवर्थ' नावाचं वेगळंच गाव आहे. त्याची व्युत्पत्ती वेगळी, लोकही वेगळे. पण 'ड' गिळला की दोन्ही नावं एकच ऐकू येतात. चेशर-लँकेशरच्या पट्ट्यातलं मोल्सवर्थ घर दिसलं की आधी ते इथलं आहे का ते तपासा, मगच त्याला हंटिंग्डनशरात नेऊन बसवा.

चौथी पायरी: १८८१चा नकाशा

आडनावांच्या भूगोलाचा पाया १८८१ची जनगणना. कारण साधं आहे. ती संपूर्ण जनगणना स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढली, आणि तोवर रेल्वे येऊनही बरीचशी कुटुंबं आपापल्या जुन्या मुलखातच होती. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या भूगोलवाल्यांनी १८८१ आणि १९९८ या दोन वर्षांचे नकाशे आडनावागणिक करून दाखवले. एका नावाचे दोन नकाशे शेजारी ठेवले की शंभर वर्षांत माणसं कुठे सरकली ते दिसतं. स्टीव्ह आर्चर यांचा एकोणिसाव्या शतकातल्या आडनावांचा नकाशासंग्रह त्याहून बारीक आहे.

नकाशावर दोन आकडे असतात: एकूण माणसं, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात माणसं. नवखा माणूस पहिला बघतो आणि फसतो. हिशेब करून बघा. १८८१ला हंटिंग्डनशरची वस्ती सुमारे ५९ हजार, लँकेशरची सुमारे साडेचौतीस लाख. समजा दोन्हीकडे आडनावाची बारा-बारा माणसं आहेत. हंटिंग्डनशरात दर लाखाला वीस झाली, लँकेशरात अर्धंही नाही. आकडा तोच, अर्थ साठपट वेगळा. लंडन आणि लँकेशर प्रत्येक आडनावाच्या नकाशावर गडद दिसतात, कारण तिथे सगळं इंग्लंड पोटापाण्याला गेलं होतं. मुंबईत सापडतो म्हणून कोणी मुंबईचा होत नाही, तसंच.

नकाशा जुन्या जिल्ह्यांचाच वापरा. हंटिंग्डनशर १९७४ साली केंब्रिजशरमध्ये विलीन झालं. आजच्या सीमा लावल्यात तर मूळ ठिपका मोठ्या जिल्ह्यात विरघळून जातो.

हेन्री ब्रॉम गपी नावाच्या माणसाने १८९० साली, जनगणनेचे असे नकाशे नसताना, एक नामी शक्कल लढवली. त्याने व्यापारी निर्देशिकांमधल्या फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. त्याचं म्हणणं असं, की सगळ्यात कमी हलतो तो शेतकरी. नकाशावर घोळ झाला की मी अजून हेच करते. जनगणनेत धंद्याचा रकाना असतो. पाद्री, फौजी, रेल्वेवाले, नोकरचाकर बाजूला काढायचे आणि शेतकरी-शेतमजूर तेवढे ठेवायचे. नकाशा एकदम स्वच्छ होतो.

पाचवी पायरी: एकेक पिढी मागे

नकाशा दिशा देतो, नातं देत नाही. नातं जोडायला आजकडून मागे चालावं लागतं, आणि एकही पिढी उडी मारून ओलांडायची नाही.

१ जुलै १८३७पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद आहे. तिची सूची फ्रीबीएमडी या स्वयंसेवी संकेतस्थळावर फुकट बघता येते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही मिळतं, आणि विरळ आडनावात भावंडं एकत्र लावायला एवढा धागा पुरतो. १८७५ आधी नोंद न केल्याबद्दल आईबापांना दंड नव्हता, तेव्हा काही मुलं सूचीत नाहीतच. ती बाप्तिस्म्यात शोधायची.

जनगणना १८४१पासून नावानिशी आहे. पण १८४१ला पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवली, आणि 'याच जिल्ह्यात जन्मलात का' एवढंच विचारलं. १८५१पासून जन्मगाव लिहिलं. म्हणून म्हातारा माणूस १८५१मध्ये पकडा. १७७०-८०मध्ये जन्मलेल्याचं गाव तिथे चक्क लिहिलेलं मिळतं. पुढच्या टोकाला १९२१ची जनगणना २०२२मध्ये खुली झाली, १९३१ची जळून गेली, १९४१ला युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी १९३९च्या नोंदपटाने थोडी भरते.

१८३७च्या मागे चर्चची दप्तरं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८च्या हुकमाने प्रत्येक पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने) बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं ठरलं. मूळ वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल बघा. हंटिंग्डनशर १८३७पर्यंत लिंकनच्या बिशपाच्या हाताखाली होतं, तेव्हा लिंकनलाही विचारा. बाकी पहिला मुक्काम हंटिंग्डनच्या अभिलेखागारात.

वही वाचताना तारखेकडे लक्ष. १७५२च्या आधी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. 'फेब्रुवारी १७००' म्हणजे आपल्या हिशेबाने १७०१. हे विसरलात तर लग्न पोरानंतर होतं! माझ्या पहिल्या तक्त्यात दोन जोडपी अशीच बदनाम झाली होती.

मृत्युपत्रं सगळ्यात शेवटी पण सगळ्यात सुपीक. १२ जानेवारी १८५८पासून देशाची एकच सूची आहे. त्याआधी चर्चच्या न्यायालयांत नोंद होई. मोठ्या इस्टेटीची कँटरबरीच्या न्यायालयात, आणि तो संग्रह क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. एका मृत्युपत्रात मुलं, जावई, भाचे, शेत आणि गाव एकाच कागदावर येतात.

सहावी पायरी: लांबचे ठिपके सोडवा

आता खरी मजा. नकाशावर मूळ पट्ट्यापासून दूर एखादा ठिपका दिसतो. तो वेगळा उगम, की एका माणसाची बदली?

कॉर्नवॉल घ्या. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, बॉडमिनजवळ, पेनकॅरो नावाचा मोल्सवर्थांचा वाडा आहे. गावापासून साडेतीनशे किलोमीटर. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ हा हेल्पस्टनचा माणूस डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीच्या हिशेबतपासणीला तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. हेल्पस्टन म्हणजे मोल्सवर्थ गावाच्या उत्तरेला सुमारे तीस किलोमीटर, आपल्या वर्तुळाच्या आत. लग्न केलं हेंडर घराण्यातल्या मुलीशी. शंभर वर्षांनी याच कुळातला हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा कारभार बघतो आणि १६८९ साली बॅरोनेट हा पिढीजात किताब मिळवतो. हेंडर हे त्याचं पाळण्यातलं नाव, पण मुळात आजोळच्या घराण्याचं आडनाव. इंग्रजी वंशावळीत असं विचित्र पहिलं नाव दिसलं की लगेच ते आडनाव म्हणून शोधा. बहुतेक वेळा कुठल्यातरी सासुरवाशिणीचं माहेर हाती लागतं.

(अरौकारियाच्या काटेरी झाडाला इंग्रजीत 'माकडाला कोडं' म्हणतात ते पेनकॅरोमुळेच. सर विल्यम मोल्सवर्थ पाहुण्यांना आपलं नवं झाड दाखवत होते, तेव्हा एक वकील म्हणाला की यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडंच. याचा आडनावाशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आयर्लंड हा दुसरा ठिपका. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या काळात (सतराव्या शतकाच्या मध्यावर, १५३८वाला थॉमस वेगळा) एक रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारात वर आला. त्याचा मुलगा रॉबर्ट बाप वारल्यानंतर काही दिवसांतच, १६५६ साली जन्मला आणि १७१६ला व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ला रामिलीच्या लढाईत घोड्यावरून पडलेल्या सेनापती मार्लबरोला स्वतःचा घोडा दिला. आयर्लंडमध्ये शोधणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ३० जून १९२२ला डब्लिनच्या अभिलेखागाराची आग लागून राख झाली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणना जवळपास उरल्याच नाहीत. १९०१ आणि १९११ मात्र फुकट बघता येतात, आणि त्यामागे १८४७ ते १८६४ची ग्रिफिथची जमीन-आकारणी.

तिसरा, लँकेशरमधलं रॉचडेल. जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ १८३९पासून तिथले पाद्री, मोठे भांडखोर. जन्म लंडनचा. मुलगा विल्यम नॅसॉ हा इतिहासकार, तोही रॉचडेलच्या भागातच पाद्री. गपीचा नियम इथे कामाला येतो: हे नोकरीमुळे पडलेले ठिपके, मातीतून उगवलेले नव्हेत. पण त्याच भागात विणकर किंवा मजूर मोल्सवर्थ दिसले तर पाद्र्याचे नातलग समजू नका, मोल्ड्सवर्थ गाव आठवा.

आणि रस्त्यांच्या नावांवर तर मुळीच जाऊ नका. डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटच्या तोंडाशी आयर्लंडची संसद, वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर न्यूझीलंडची. दुसरं नाव पेनकॅरोवाल्या सर विल्यमचं. न्यूझीलंड वसवणाऱ्या कंपनीत तो संचालक होता. नाव पोचलं म्हणजे कुळ पोचलं असं नाही. आपल्याकडच्या एल्फिन्स्टन रोडवर किती एल्फिन्स्टन राहत होते?

बायकांचं मी मागे ठेवलं होतं. या आडनावाची सगळ्यात गाजलेली बाई म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्या मिसेस मोल्सवर्थ. त्या माहेरच्या स्ट्युअर्ट, जन्म रॉटरडॅमचा, १८६१ला लग्न करून मोल्सवर्थ झाल्या. नकाशात प्रत्येक सासुरवाशीण मोजली जाते आणि सासरी गेलेली प्रत्येक लेक गळते. म्हणून मोजणी बाप्तिस्म्यांवर करा, जनगणनेच्या घरसंख्येवर नको.

सातवी पायरी: डीएनए चाचणी, हवी असेल तर

बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि आडनाव एकाच वाटेने चालतात. लेस्टर विद्यापीठाच्या ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ साली ४० आडनावांच्या १६७८ पुरुषांची तपासणी छापली. स्मिथ स्मिथला रस्त्यावरच्या माणसापेक्षा जवळचा निघाला नाही. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावात मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त पुरुष एकाच पूर्वजाकडे जाणारे निघाले.

पण याच गटाने २००७ला छापलेली गोष्ट चटका लावणारी. यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या अठरा पुरुषांपैकी सात जणांत पश्चिम आफ्रिकेकडचा वंशधागा सापडला. कोणालाच कल्पना नव्हती. वंशावळी १७८०च्या दशकापर्यंत मागे नेल्या, तरी दोन शाखा जुळेनात. जोड त्याहून मागे. चाचणी करायला नातलगांना गळ घालण्याआधी असा कागद हातात पडू शकतो हे त्यांना सांगा. दत्तक, सावत्र, अनौरस, सगळं त्यात उघडं पडतं.

आठवी पायरी: हिंदुस्थानातलं टोक

आपल्याला बहुतेक वेळा इंग्रजी आडनाव भेटतं ते इथे. खडकीच्या दफनभूमीत, शिवडीला, महाबळेश्वरला. इथूनच सुरुवात केली तर वरच्या निम्म्या पायऱ्या वाचतात.

आधी माणसं वेगळी करा. हिंदुस्थानात एक मोल्सवर्थ कोशकार, दुसरा सर गिल्फर्ड मोल्सवर्थ, रॉचडेलच्या त्या पाद्र्याचाच मुलगा. तो १८७१पासून हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचा सल्लागार अभियंता होता आणि अरुंद रुळांच्या विरुद्ध भांडला. त्याची सूत्रांची खिशात मावणारी वही कित्येक पिढ्यांच्या अभियंत्यांनी वापरली. एका जुन्या कागदावर 'मोल्सवर्थ पाहा' असा शेरा वाचून मी अर्धा दिवस मराठी कोश चाळला होता. शेरा लोखंडी तुळईच्या हिशेबावर होता. मग भाच्याने प्रत्येक नावाला एक ओळ आणि ओळीत जन्मसाल, धंदा, पुरावा असे रकाने केले. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर ती दोन नावं एकाच घरातली धरायची नाहीत, मग आडनाव कितीही विरळ असो.

मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात 'एन/३' या खुणेखाली आहेत ('एन/१' बंगाल, 'एन/२' मद्रास). फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी ही स्वयंसेवी संस्था त्यांच्या सूच्या फुकट दाखवते. थडग्यांवरचे लेख हवे असतील तर १९७६ साली स्थापन झालेल्या दक्षिण आशियातल्या दफनभूमींच्या संघटनेने ते गावोगाव उतरवून ठेवले आहेत. दगड झिजला असला तरी उतारा सापडतो.

माणूस कंपनीचा फौजी अधिकारी असेल तर सोन्याची खाण 'एल/एमआयएल/९' या खुणेखाली. १७८९पासूनचे कॅडेटांचे अर्ज तिथे आहेत. अर्जाबरोबर वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे, शिफारस कोणाची तेही लिहिलेलं असे. म्हणजे खडकीच्या दगडावर फक्त नाव, हुद्दा आणि मृत्युसाल असलं तरी हा एक कागद थेट इंग्लंडातल्या चर्चच्या दारात नेऊन उभं करतो. दाखल्यावर पॅरिशचं नाव असतं, वहीची तारीख असते, खाली पाद्र्याची सही. ते पॅरिशचं नाव उचलायचं आणि पाचव्या पायरीवर परत जायचं.